‘मार’ कोण म्हणणार

२ मे

बॅग भरली. लोकरी मोजे, जाड बूट, रायफलच्या गोळ्या, बहिणीनं, डेलानं, नाताळात दिलेली लाल टोपी. बाकी सगळं घरी आहे.

इथं तेलाच्या रिगवर खोलीत माझ्याबरोबर राहणारा लुइझियानाचा पोरगा म्हणतो, "सुट्टी मिळाली की माणूस समुद्रावर जातो. तू अस्वलांकडे कशाला जातोस?" मी म्हटलं, "अस्वलं बरी. फोरमनसारखी उठसूट अंगावर येत नाहीत." फोरमन मागंच उभा होता. म्हणाला, "सोळा तारखेला सकाळी रिगवर दिसला नाहीस तर तिकडंच राहा अस्वलांत." मी म्हटलं, दिसेन.

काल डेलाचा फोन आला होता. "एमेट, बाबा म्हणतो यंदा डोंगर नको. बर्फ उशिरा वितळतंय, अस्वलं वरच आहेत. तू उगाच सुट्टी वाया घालवू नकोस." मी म्हटलं, बाबाला फोन दे. तर म्हणे तो गोठ्यात आहे. आमची गुरं विकून जमाना झाला. रिकाम्या गोठ्यात काय करतो तो? माझ्याशी बोलायचं नाही, एवढंच.

म्हणून तर जाणार.

आमच्याकडे डोंगरावर शब्द एकाचाच चालतो. अस्वल दिसलं की सगळ्यांनी खाली बसायचं, बंदूक मांडीवर. ज्याच्याकडे शब्द आहे तो दुर्बिणीतून बघत राहतो. नर आहे की मादी? काळं अस्वल आहे की ग्रिझली? मागं एखाद्या झाडावर पिल्लं चढवून ठेवलीत का? थर्मासमधली कॉफी संपेपर्यंत बघतो. मग म्हणतो ‘मार’, नाहीतर म्हणतो ‘नाही’. पिल्लांची आई मारली तर गुन्हा. ग्रिझली मारली तर तुरुंग, बंदूक जप्त, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून शब्द एकाचाच.

आधी तो आजोबाकडे होता. बाबा माझ्या वयाचा असतानाच आजोबानं त्याला दिला. मी आजवर मारलेली सगळी अस्वलं बाबाच्या ‘मार’वर मारली. बोट माझं, अस्वल त्याचं. मी शाळा अर्धवट सोडली, गाव सोडलं, त्यामुळे मी कच्चाच राहिलो असं त्याला वाटतं. वाटू दे. यंदा शब्द मला पाहिजे. मागून मिळणार नाही हे माहीत आहे. मग घेणार.

३ मे

दिवसभर गाडी चालवली. नॉर्थ डाकोटाचं सपाट माळरान संपता संपत नाही. मग डोंगर दिसले आणि छाती मोकळी झाली. ओढे नुसते दणदणत वाहताहेत, लार्चच्या झाडांना कोवळी हिरवी लव फुटली आहे, रस्त्याच्या कडेला गवत टोपीच्या रंगाला लाजवेल असं हिरवंगार. (टोपी लाल आहे. असो. मी काही शाळेत निबंध लिहीत नाही.) आणि म्हणे अस्वलं खाली आलेली नाहीत. एवढं गवत असताना कुठलं अस्वल वर उपाशी बसेल?

बाबा अंगणात लाकडं रचत होता. मी हाक मारली तेव्हा वळला.

"आलास?"

"आलो."

"नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"म्हणूनच आलो."

तो हसला नाही. एरवी हसला असता. आणि माझ्या तोंडाकडे बघेना. माझ्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघून बोलत होता, जणू माझ्या मागं दुसरा कुणी बरा मुलगा उभा आहे. पूर्वी रागावला की असा रोखून बघायचा की पाणी पाणी व्हायचं. आता बघायच्याही लायकीचा राहिलो नाही मी.

जेवायला एल्क हरणाचं मांस आणि घेवडा. डेलानं बाबाचं ताट स्वतः वाढून, मांस कापून त्याच्यासमोर ठेवलं. मी म्हटलं, "राजेसाहेबांचे लाड चाललेत." तिनं टेबलाखाली मला लाथ मारली.

५ मे

आज मागावर गेलो. मी, बाबा, डेला आणि ओर्विलकाका. ओर्विलकाका बाबाचे जुने दोस्त, लाकूडगिरणीत एकत्र होते, गिरणी बंद झाली तरी दोस्ती चालू आहे. त्यांना एक कान कमी ऐकू येतो, पण जीभ दोघांची आहे.

पिकअप डेला चालवते. बाबाची पिकअप! जिच्या स्टिअरिंगला हात लावला म्हणून लहानपणी मी मार खाल्ला, तिची किल्ली सरळ डेलाच्या खिशात. मी विचारलं, "मी चालवू?" बाबा म्हणाला, "डेलाला रस्ते माहीत आहेत." मला माहीत नाहीत का? जन्म इथंच गेला माझा. 

लाकूडतोडीचा जुना रस्ता फाटकाशी बंद आहे, तिथून चालत. दोन्ही बाजूंना क्लोव्हरचं गवत माजलंय. पहिल्याच वळणावर अस्वलाचा गू. ढीगभर. बाबा गुडघ्यावर बसला, काटकीनं फोडला, वास घेतला.

"रंग?" मला विचारलं.

"हिरवा."

"किती हिरवा?"

"आता किती म्हणजे? गवत खाल्लंय, गवताएवढा."

"वरून काळा पडलाय का?"

"थोडा. आत ओला आहे."

"म्हणजे काल संध्याकाळचा," बाबा म्हणाला. ते मलाही कळत होतं. शाळेतल्या मास्तरासारखी परीक्षा चालली होती माझी, तीही डेला आणि काकांसमोर.

पुढं चिखलात पाऊल. पुन्हा तेच. "बोटं सरळ ओळीत आहेत की कमानीत?" कमानीत, म्हणजे काळं अस्वल. ग्रिझलीची बोटं एका रेषेत येतात आणि नखांची भोकं पार पुढं पडतात. हे मला सहा वर्षांचा असल्यापासून पाठ आहे. मी म्हटलं, "बाबा, तुझ्या नाकासमोर आहे की पाऊल. बघ ना." तो म्हणाला, "मी तुला विचारलं." ओर्विलकाका मध्येच म्हणाले, "अरे सांग की पोरा, मला पण ऐकू येत नाहीये, दोनदा सांग." सगळे हसले. मी नाही.

एक मात्र मानलं. अस्वलांचं अंग घासायचं झाड आम्ही तिघं बोलत बोलत ओलांडून गेलो, आणि बाबानं ते मागून बरोबर धरलं. सालीवर तळवा फिरवत फिरवत वर नेला, डिंकात अडकलेले केस चिमटीत धरले, गालाला लावले. "मोठं आहे. नर असणार. पाठ इथपर्यंत पोचते." त्याच्या कपाळाच्याही वर. केस काळे होते. केवळ हातानं झाड शोधतो, आणि समोरचा मुलगा दिसत नाही त्याला.

६ मे

गारठा, ओला बर्फ. घरीच. ओर्विलकाकांबरोबर पत्ते. बाबा खेळायला बसला नाही. म्हणाला, कंटाळा आलाय पत्त्यांचा. पूर्वी पत्त्यांसाठी जेवण सोडायचा.

७ मे

आज अस्वल दिसलं आणि हातचं गेलं. नीट लिहून ठेवतो, कारण उद्या सगळे म्हणतील तसं झालंच नाही.

समोरचा उतार न्याहाळत सकाळपासून कड्यावर बसलो होतो. बाबा तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून. किती वेळ! काही नाही म्हणाला. मी साध्या दुर्बिणीतून बघितलं आणि पहिल्याच झटक्यात, जुन्या दरडीच्या कडेला, काळा ठिपका. चरणारा. त्याच्या दुर्बिणीचं तोंड तिकडंच होतं!

"बाबा, दरडीच्या डावीकडं."

"रंग सांग."

"काळा."

"चेहरा कसा आहे? सरळ की मध्ये खोलगट? कान?"

माझं डोकं सणकलं. "तुझ्यासमोर एवढी मोठी दुर्बीण आहे. स्वतः बघ ना! की मी आंधळा आहे असं सिद्ध करायचंय तुला?"

 डेला खाली बुटांकडे बघत होती. बाबानं डोळा लावला, पुष्कळ वेळ बघितलं, आणि म्हणाला, "नाही. लहान आहे."

लहान! कंबर पडलेला, पोट जमिनीला टेकलेला जाडजूड नर होता तो. डोकं शरीराच्या मानानं लहान दिसत होतं, म्हणजेच अस्वल मोठं, हे त्यानंच मला शिकवलंय. मी कॉफी जमिनीवर ओतली आणि म्हटलं, "मोठा आहे. नर आहे. एकटा आहे."

"मी नाही म्हटलं, एमेट."

"कारण मी शोधला म्हणून!"

 अस्वल चरत चरत रानात शिरलं. माझ्या डोळ्यांदेखत.

८ मे

रात्रभर राग गेला नाही. सकाळी पॅनकेक खाताना पुन्हा पेटलं.

मी म्हटलं, "बाबा, सरळ सांग. शब्द मला द्यायचा नाहीये, हेच ना?"

"हो."

"का?"

"वेळ आली नाही."

"आजोबानं तुला दिला तेव्हा तू माझ्याएवढाच होतास."

"आजोबा मूर्ख होता," बाबा म्हणाला आणि पाकाची बाटली घ्यायला हात पुढं केला, तर बाटली कलंडून टेबलभर पाक. डेला लगेच फडकं घेऊन उठली. मी म्हटलं, "घ्या, आता बाटलीवर राग." त्यावर डेला माझ्यावर अशी खेकसली की मी बघतच राहिलो. "तू एक शब्द बोलू नकोस! वर्षातून एकदा येतोस आणि घर डोक्यावर घेतोस. तुला काय माहीत आहे इथलं?"

दुपारी ओर्विलकाका मला लाकडाच्या शेडमागं घेऊन गेले. चिलीम भरत म्हणाले, "पोरा, तुझ्या बापाला यंदा तुला इथं आणायचंच नव्हतं. जरा सबुरीनं घे."

"का नव्हतं आणायचं? काय पाप केलं मी?"

"तू काही केलं नाहीस."

"मग?"

त्यांनी बहिऱ्या कानाची बाजू माझ्याकडे केली. तो कान पुढं केला की समजायचं, बोलणं संपलं.

ठरलं. उद्या उजाडायच्या आत मी एकटा जाणार. कुणाचा शब्द नको, कुणाची कॉफी नको. अस्वल माझं, ‘मार’ माझं. पाठीवर मांस घेऊन येईन आणि त्याच्या टेबलावर टाकेन. मग बघू कुणाच्या कानापलीकडं बघतो.

९ मे

झालं ते सगळं लिहितो.

फाटकाशी गाडी लावून वर चढलो. उजाडताना दरडीच्या खालच्या टोकाला पोचलो. वारा तोंडावर. आणि तिथं होतं ते. तांबूस, दालचिनीच्या रंगाचं, उगवत्या उन्हात नुसतं पेटलेलं. काळी अस्वलं अशा रंगाची असतात, दर वर्षी एखादं दिसतं. मोठं होतं. एकटं होतं. बंदूक दगडावर टेकवली. श्वास सोडला. बोट घोड्यावर.

आणि मी बोलायला लागलो! मोठ्यानं! "रंग तांबूस. चेहरा…" सवय. घाणेरडी सवय. या चार दिवसांत म्हाताऱ्यानं माझ्याकडून सगळं वदवून घेतलं, ती सवय लागली. स्वतःवरच चिडलो. पण तोंड थांबेना. "चेहरा खोलगट. कान बारके, गोल." आणि ते वळलं, उताराला तोंड करून पुढच्या पंजांनी माती उकरायला लागलं. खांद्यावर हा एवढा वशिंडासारखा उंचवटा. नखं उन्हात पांढरी, बोटाएवढी.

ग्रिझली.

बोट बाहेर काढलं. गोळी काढून खिशात टाकली. घाम असा फुटला की टोपी ओली झाली. बोललो नसतो तर मारलं असतं. रंग बघून मारलं असतं. तरी मी म्हणतो, ते मी ओळखलं. बाबानं नाही, मी. ‘नाही’ म्हटलं ते मी. मग घाबरून वेगळं कशाला लिहू?

खरी गोष्ट पुढं आहे.

खाली उतरताना रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो. तर वळणावरून बाबा वर येताना दिसला. एकटाच. हातात काठी. फाटकाशी माझी गाडी बघून मागं आलेला. डेला खालीच राहिली असणार. मी ठरवलं, आपण बोलायचं नाही. त्यानं आधी बोलावं. त्यानं माझ्याकडे बघावं, शिव्या द्याव्या, पण बघावं.

तो आला. रस्त्याच्या कडेनं, बुटाची कड गवताला घासत. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेला. डोक्यावर माझ्या लाल टोपी. आणि तो सरळ पुढं गेला!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, एवढा तिरस्कार? मला वाऱ्यासारखं ओलांडून जावं इतका?

पुढं जाऊन तो थांबला. नाक वर केलं. रस्त्याच्या पलीकडं वणव्यात जळालेला झाडाचा एक बुंधा आहे, माणूस बसल्यासारखा. त्याच्याकडे तोंड करून बाबा म्हणाला, "एमेट, हे बघ. रागाव, पण घरी चल."

बुंधा काय बोलणार?

"अरे, निदान तोंड तरी उघड. सगळी सकाळ चालतोय मी. गोळी ऐकू आली नाही म्हणून बरं वाटलं. मारलं नाहीस ना काही? बोल ना पोरा. माझ्याशी बोल."

मी जे काही बोललो ते नीट आठवत नाही. बहुतेक ‘बाबा’ एवढंच म्हटलं. त्याच्या मागून. तो दचकून वळला आणि माझ्या कानाच्या पलीकडं बघायला लागला. तेव्हा कळलं.

आम्ही दोघं त्या दगडावर बसलो. तो म्हणाला, मधलं गेलंय. दोन्ही डोळ्यांत. कडा दिसतात, मधोमध राखाडी डाग. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही, म्हणून बाजूला बघावं लागतं. दोन हिवाळ्यांपूर्वी सुरू झालं. डॉक्टर म्हणतो, परत येणार नाही.

"डेलाला माहीत आहे?"

"हो. ओर्विललाही."

"आणि मला नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तू रिग सोडून आला असतास. इथं काय आहे? गिरणी बंद. आंधळ्याला हात धरून फिरवायला तेवीस वर्षांचा पोरगा? नको."

"मग परवा ‘लहान आहे’ कसं म्हणालास? तुला दिसत नसताना?"

"दिसत नव्हतं म्हणूनच नाही म्हटलं," तो म्हणाला. "मग दुसरं काय म्हणणार?"

मला त्याचा राग यायला हवा होता. माझा तो नर गेला. पण राग येईना. म्हटलं, "ग्रिझली होती. तांबूस. मी सोडली."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात आपटला, दोनदा. मग विचारलं, "कान?"

"बारके."

"वा."

१० मे

घरात आता उघड भांडण. डेला म्हणते, झालं ते बरं झालं, आता बाबानं डोंगरावर जायचं नाही. काल एकटा वर गेला, कुठं दरीत कोसळला असता तर? ओर्विलकाका डोकं हलवून हो म्हणतात. आणि बाबा, जो जन्मभर कुणाचं ऐकत नाही, तो म्हणतो, "डेलाचं बरोबर आहे. मी उद्यापासून नाही. तंबू विकून टाका. मोठी दुर्बीण एमेटला द्या. शब्दही घे म्हणावं, त्याला हवाच होता."

असा? असा टाकून दिलेला? जुन्या कोटासारखा?

मी म्हटलं, "मला नको."

"परवा तर रडत होतास त्याच्यासाठी!"

"परवा तुझ्याकडे होता म्हणून. गोठ्यात पडलेली वस्तू मला नको. तू चल. मी बघतो, मी सांगतो, शब्द तुझा."

डेला म्हणाली, "वेडा झालास का? आंधळ्याच्या शब्दावर बंदूक चालवणार?"

"त्यानं झाड हातानं ओळखलं. तुम्ही दोघं डोळे असून पुढं गेलात."

"तूही गेलास," काका म्हणाले.

"मीपण! म्हणून तर तो पाहिजे."

बाबा बाहेर जाऊन उभा राहिला. मी मागं गेलो नाही. आपल्याला विनवण्या जमत नाहीत.

११ मे

सकाळी उठलो तर बाबा बूट घालून, काठी घेऊन पायरीवर. डेला पिकअपमध्ये बसून जोरात हॉर्न वाजवतेय, रागानं. चला तर.

दिवसभर काही नाही. पण किती बोललो मी! जन्मात एवढा बोललो नसेन. ढग कुठं, सावली कुठं, गवताचा पट्टा कुठं संपतो. तो ऐकत राहतो. मध्येच म्हणतो, "त्या पट्ट्यात ओलावा असणार, दुपारनंतर बघ तिथं." बरोबर असतं. चिडायला होतं.

१२ मे

आज झालं.

दुपारनंतर, त्यानं सांगितलेल्याच पट्ट्यात. काका आणि डेला खाली पिकअपशी. आम्ही दोघंच खडकावर. समोरच्या उतारावर एक अस्वल काळंभोर, तुकतुकीत, चरत होतं. एका मोठ्या, एकट्या पाइनच्या झाडापासून थोडं लांब.

मी सगळं सांगितलं. चेहरा सरळ, कान उभे, खांदा सपाट. काळं अस्वल, शंका नाही. बाबानं माझा कोपर धरला होता, आधाराला. बिचारा खडकावर डगमगत असणार. थर्मास उघडला. कॉफी प्यायला लागलो.

मध्येच त्यानं मान तिरकी केली. "ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही. ओढा असेल." मग म्हणाला, "झाडाकडे बघतंय का ते?"

"मधूनमधून."

"कसं?"

"चरायचं सोडून. मान वर करून."

"हं." पुन्हा थोड्या वेळानं, "आता?"

"आता चरतंय. …आता पुन्हा बघितलं."

"पोट?"

"सुटलेलं नाही. नर असेल तर हिवाळ्यानं खाल्लेला असेल."

"हं. असेल."

कॉफी संपली. मी कप उलटा केला. बंदूक दगडावर. अंतर चांगलं, वारा नाही. असं अस्वल पुन्हा मिळणार नव्हतं. चार दिवसांनी मी रिगवर.

"मार," बाबा म्हणाला.

माझं बोट घोड्याजवळ गेलंच नाही. का ते सांगता येणार नाही. ते पुन्हा झाडाकडे बघत होतं.

"मार म्हटलं ना."

"नाही."

"शब्द कुणाचा आहे?"

"तुझा."

"मग?"

"मला त्या झाडामागचं दिसत नाही, बाबा. नाही मारणार."

"एवढं सुंदर अस्वल. कदाचित माझं शेवटचं. आणि तू मला नाही म्हणतोस?"

आवाज असा कापरा केला त्यानं! पण मी हटलो नाही. "हो. तुला नाही म्हणतो. तुझं शेवटचं असलं तरी नाही. ओरड हवं तेवढं."

तो ओरडला नाही. अस्वल झाडामागं गेलं आणि दिसेनासं झालं. मागं काय होतं, देव जाणे.  मग तो म्हणाला, "चल, भूक लागली."

खाली काकांनी विचारलं, "काय रे, गोळी ऐकू आली नाही. की माझाच कान?"

"अस्वल होतं," बाबा म्हणाला. "एमेटनं नाही म्हटलं."

डेला आणि काका एकमेकांकडे बघायला लागले. मग काका म्हणाले, "मग नाहीच," आणि दार उघडलं. परत येताना कुणी तो विषय काढला नाही. आम्हा चौघांत पहिल्यांदाच माझ्या ‘नाही’वर कुणी उलट बोललं नाही.

हरवलं मी त्याला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याची चूक त्याच्या तोंडावर दाखवली. वाटलं होतं दोन दिवस अबोला धरेल. तर त्यानं दोनदा वाढून घेतलं, आणि भांडी पुसताना शीळ घालत होता. म्हातारा झाला, दुसरं काय. लवकर विसरतो.

१३ मे

उजव्या कोपराच्या वर चार बोटांचे निळे वळ उठलेत, आतल्या बाजूला अंगठ्याचा. काल बाबानं आधारासाठी इतकं घट्ट धरलं होतं की बंदूक उचलायची म्हटली असती तरी हात वर गेला नसता. सकाळी डेलाला दाखवले. ती आधी बघत राहिली आणि मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. का ते सांगेना. "तू फार हुशार आहेस रे," एवढंच म्हणाली. बायकांचं काही कळत नाही.

फोरमनला फोन केला. म्हटलं, सोळाला येत नाही, हंगाम अजून महिनाभर आहे. तो म्हणाला, मग परत येऊच नकोस. म्हटलं, बरं.

बाबा दारातून ऐकत होता. "आत्ताच्या आत्ता उलटा फोन कर त्याला. यासाठीच तुला सांगत नव्हतो मी! ही नोकरी सोडून इथं काय चाटणार आहेस? जा म्हणतो ना तुला!"

मी बंदूक पुसत होतो. खिडकीबाहेर वारा पडला होता, उतारावर ऊन आलं होतं.

"बूट घाल बाबा," मी म्हटलं. "उजेड वाया चाललाय."